पाठ टेकली, हे कोण पाहतो?

अहिल्यानगर येथे २ फेब्रुवारी २०२५ रोजी महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे या मल्लाने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली, हे आता सर्वश्रुत आहे. ती लाथ निंद्यच होती. मात्र निंदा करून झाल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि त्या गदारोळात तो जवळजवळ विसरलाच गेला असे आम्हांस वाटते. पाठ टेकली हे ठरवते कोण, आणि कोणाला दिसल्यावर ते खरे मानायचे?

आधी वस्तुस्थिती. गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पृथ्वीराज मोहोळ याने राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण पाहून निर्णय द्यावा, असे राक्षेचे म्हणणे होते. ते मान्य झाले नाही आणि पुढचा प्रकार घडला. त्याच संध्याकाळी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड हाही गुणावरून वाद घालून काही सेकंद शिल्लक असताना मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. गदा मोहोळकडे गेली. एका माजी महाराष्ट्र केसरीने तर नंतर पंचांविषयी लाथेहूनही भयंकर भाषा वापरली. ती येथे उतरवून घेण्याची आमची इच्छा नाही.

येथे आमचा पक्षपात आधीच सांगून टाकलेला बरा. आम्ही लिहितो ते बावधनातून (वाईजवळचे, बगाडाचे बावधन वेगळे, हे चांदणी चौकापलीकडचे). आमचे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले असले तरी मुळशीशी असलेले नाते महापालिकेच्या ठरावाने तुटत नाही, आणि पृथ्वीराज मोहोळ हा मुळशीचा. ज्यांच्या स्मरणार्थ ही गदा दिली जाते ते मामासाहेब मोहोळही मुळशीचेच. तेव्हा निकाल आमच्या मनासारखाच लागला होता. म्हणूनच त्याविषयी शंका घेणे आम्हांस अधिक आवश्यक वाटते. हरलेल्याने घेतलेल्या शंकेला लोक रडगाणे म्हणून बाजूला सारतात.

जत्रेतली कुस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'निकाली' या शब्दाचे वजन ठाऊक असते. तिथे गुण नसत. पाठीला माती लागली की निकाल, नाही तर दमलेल्या दोघांना बरोबरीत सोडवायचे. पंच असे, पण तो बहुधा परिसरातला जुना वस्ताद, आणि त्याचे काम कुस्ती लावण्याचे व सोडवण्याचे. निकाल पंच देण्याआधीच हजारो डोळ्यांनी दिलेला असे. हलगी त्यावर शिक्कामोर्तब करी. त्या व्यवस्थेतही लबाडी होती, ठरवून केलेल्या 'नुरा' कुस्त्या होत्या, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी एवढे खरे, की निर्णय आणि त्याचा पुरावा एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सर्वांसमोर असत. पाठीवरची माती पुसून टाकता येत नसे.

गुणांची कुस्ती ही निराळी गोष्ट आहे. तिथे पाठ गादीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करते की नाही यावर दोन गुण की चार गुण हे ठरते. म्हणजे घटना घडते आणि लगोलग तिचा अर्थ लावावा लागतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही अडचण नवी नसावी. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या शेजारी, कोथरूडला, हेच झाले. माती विभागाच्या अंतिम फेरीत सिकंदर शेखविरुद्ध महेंद्र गायकवाडने बाहेरची टांग लावली. पंचांनी चार गुण दिले. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेलीच नव्हती, फार तर दोन गुण द्यायला हवे होते, असे अनेक जाणकारांचे मत पडले. मग ते चित्रण गावोगावच्या मोबाईलवर हळूहळू फिरवून पाहिले गेले, वादात सिकंदरचा धर्म ओढला गेला, पंचांना धमकीचा फोन गेल्याची तक्रार झाली. गायकवाड पुढे राक्षेकडून हरला आणि राक्षे महाराष्ट्र केसरी झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला राक्षेला हरवून सिकंदरने गदा मिळवली. तेव्हा लोक म्हणाले, न्याय झाला. आम्हांस ते पटत नाही. दुसऱ्या कुस्तीत मिळालेले यश पहिल्या कुस्तीतल्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही.

आणि हा प्रश्न आजचा नाही. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांना लांबलेल्या कुस्तीनंतर विश्रांती न देता पुन्हा आखाड्यात उतरवले गेले आणि त्यांच्या वतीने बोलणारा भारतीय अधिकारी तिथे नव्हता, ही हकीकत कुस्तीप्रेमी अजून हळहळून सांगतात. कांस्यपदक मिळाले, ती हळहळ तरी राहिलीच.

आंतरराष्ट्रीय नियमांत एक तरतूद आहे, तिच्यावर विचार व्हावा. गुणांवर आक्षेप असल्यास मल्लाचा प्रशिक्षक 'चॅलेंज' मागू शकतो. मग चित्रण पाहिले जाते. चॅलेंज फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. चितपटीवर मात्र चॅलेंज नाही. वरवर पाहता हा अन्याय वाटेल. पण त्यामागचे गृहीतक असे, की चितपट जाहीर होण्यापूर्वीच मॅट-चेअरमनने तिची खात्री करून घेतलेली असते. मैदानातला पंच, बाजूचा पंच आणि मॅट-चेअरमन हे तिघे मिळून एक नजर आहेत. अपील नाही, कारण पडताळणी आधीच झाली आहे. ही पडताळणी दिसण्याजोगी झाली नाही, तर उरते ती फक्त अपील नसल्याची सक्ती. अहिल्यानगरला नेमका हाच सल होता. पुढे चौकशी झाली, आणि तीत पंचांचा निर्णयही तपासला गेला. पण मैदानात जे दाखवायचे ते चौकशीत दाखवून भागत नाही.

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलने याच दुखण्यावर एक औषध काढले आहे. २००२ च्या बाद फेरीत लेकर्स आणि किंग्ज यांच्यातील सहाव्या सामन्याच्या अखेरच्या चतकोरात लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो मिळाले, आणि किंग्जचे चाहते ते अद्याप विसरलेले नाहीत. २००७ मध्ये टिम डॉनाघी नावाचा पंचच सट्ट्यात अडकलेला निघाला. २०१५ पासून तेथील लीग अटीतटीच्या सामन्यांतील शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते: अमुक निर्णय बरोबर, तमुक चुकीचा, अमुक फाउल द्यायचा राहिला. निकाल बदलत नाही. हरलेल्या संघाला छापील चूक हातात घेऊन बसावे लागते, यात क्रूरपणाही आहे. पण निर्णयामागची कारणे चारचौघांत मांडली जातात. आमच्याकडे तेवढेही होत नाही.

'पंच बोले परमेश्वर' असे आपण म्हणत आलो. परमेश्वराला कारणे द्यावी लागत नाहीत, हीच या म्हणीतली गोम. साहित्यव्यवहारात तरी निराळे काय आहे? डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार शासनाने रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. तेथे पंचांनी हात वर केला होता आणि आयोजकांनी तो खाली ओढला. त्या वेळी अनेक लेखकांनी निषेध केला, ते योग्यच झाले. परंतु एरवीच्या वर्षी, जेव्हा कोणी हात ओढत नाही, तेव्हा परीक्षकांनी हे पुस्तक का निवडले आणि ते का सोडले, याचे चार ओळींचे टिपण तरी कोणी मागतो का? यादी छापून येते, हार घातले जातात, न मिळालेले गटबाजीची कुजबुज करतात. चित्रण मागणाऱ्या मल्लाचे निदान मागणे तरी स्पष्ट होते.

राक्षेविषयी बोलताना मोहोळविषयी कोणी बोलत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. त्याने पंचांना काही सांगितले नव्हते, कोणाची कॉलर धरली नव्हती. तो कुस्ती खेळला. तरीही त्याच्या गदेचा उल्लेख आला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते चित्रण आधी येते. मॅट-चेअरमनने त्या क्षणी कुस्ती थांबवून, सर्वांना दिसेल असे, एकदा पडद्यावर पाहिले असते, तर फार तर दोन मिनिटे गेली असती. निर्णय कायम राहिला असता तर गदा निर्विवाद त्याची झाली असती. फिरला असता तर तो उभा राहून पुन्हा खडाखडीला लागला असता. यांतले काय झाले असते, हे मुळशीच्या या पोराला आता कोणी सांगू शकणार नाही.