हृदयाची उसनी झडप

इंदूरहून एका वाचक कुटुंबाचे पत्र आले आहे. घरातील तेवीस वर्षांच्या सुनेची हृदयाची झडप लहानपणच्या सांधेतापाने निकामी झाली असून ती बदलावी लागणार आहे. धातूची झडप बसवावी की गायीच्या हृदयावरणाची, हे घरच्यांनी ठरवावयाचे आहे. गायीचे कातडे माणसाच्या काळजात किती दिवस टिकेल, आणि ते कोणी पारखून पाहिले आहे काय, असे तिच्या सासूबाई विचारतात. प्रश्न आम्हांस फार मार्मिक वाटला.

पारख होते, आणि ती कसून होते. हृदयाभोवती जी पातळ पिशवी असते तिचा पडदा घेऊन तो ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवितात. चांभार कातडे कमावतो त्याच जातीची ही क्रिया होय. पॅरिसचे शल्यवैद्य आलँ कार्पांतिये यांनी १९६० नंतरच्या दशकात ती झडपांसाठी रूढ केली. मुरविलेल्या पडद्याची पट्टी कापून यंत्राच्या दोन चिमट्यांत धरतात, अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट मिठाच्या पाण्यात बुडवितात, आणि ताणून सोडतात, पुन्हा ताणतात.

येथे एक मौज दिसते. विहिरीला नवा दोर लावला म्हणजे पहिले काही दिवस तो लांबतो, मग स्थिर होतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पडद्याचेही तसेच आहे. पहिल्या काही ताणांत तो दर वेळी निराळा वागतो, नंतर वागणूक ठरून जाते. म्हणून परीक्षक आधी त्यास असे सरावून घेतात व मगच मापे लिहितात. शिवाय तो आरंभी सहज ताणला जातो आणि पुढे एकाएकी ताठ होतो. कारण त्यातील तंतू कुरळे असतात. ते सरळ होईपर्यंत ओढ जाणवत नाही. जिवंत शरीराच्या या गुणांचे गणित वाय. सी. फुंग (१९१९–२०१९) या शास्त्रज्ञाने बसविले.

एका ओढीत न तुटणारी वस्तू लाख ओढींनी तुटते. गेल्या शतकाच्याही मागे आगगाडीचे आस असे मोडत, तेव्हा जर्मनीत व्होलर यांनी ही गोष्ट प्रयोगाने दाखविली. हृदय तर मिनिटास ७२ ठोके धरले तरी दिवसास एक लाखावर आणि वर्षास सुमारे पावणेचार कोटी ठोके देते. आंतरराष्ट्रीय प्रमाणाप्रमाणे प्राण्याच्या पडद्याच्या झडपेस यंत्रावर २० कोटी वेळा उघडमीट सोसावी लागते, म्हणजे सुमारे पाच वर्षांचे काम. धातूच्या झडपेस ४० कोटी. यंत्र सेकंदास पंधरा वेळा चालविले तर २० कोटींस पाच महिने पुरतात. मात्र मऊ पडदा घाईच्या ओढीस निराळा वागतो, म्हणून या घाईच्या निकालावर डोळे मिटून विसंबता येत नाही.

आपल्या देशातील उदाहरण द्यावयाचे तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन (१९३४–२०२४) व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चित्रा झडप घ्यावी. ती पडद्याची नव्हे, धातूच्या कड्यात फिरणाऱ्या चकतीची. तिचे पहिले तीन नमुने कसोटीत टिकले नाहीत. चौथा टिकला आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णास बसविला गेला. नापास झालेल्या त्या तीन नमुन्यांचे मोल आम्हांस कमी वाटत नाही.

आता यंत्रास न कळणारी गोष्ट. त्याच्या पाण्यात रक्त नाही. देहात पडद्यावर चुना साचतो, तो ताठ होतो व शेवटी चिरतो. आणि तरुण माणसात हे लवकर घडते. वृद्धास जी झडप पंधरा वर्षे पुरेल ती तेवीस वर्षांच्या मुलीस दहाही पुरेल असे नाही. दोर जसा रहाटाशी घासतो तेथेच झिजतो, तसे जुन्या काही पडदा-झडपांत टाक्याशीच फाटणे सुरू झाले होते.

मग धातूच बरी काय? ती फार टिकते, पण रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते, आणि दिवस गेल्यावर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ते औषध गर्भास अपाय करू शकते. सुनेला मूल हवे असेल तर हे तिच्यासमोर, तिच्याशीच बोलून ठरवावे. सासूबाईंच्या पत्रात तिचे स्वतःचे मत कोठेच नाही, हे आम्हांस खटकले. पडद्याची घेतली तर पुढे दुसरी शस्त्रक्रिया गृहीत धरावी. अलीकडे काही रुग्णांत नळीवाटे जुन्या झडपेच्या आतच नवी बसविता येते, ती सोय आपल्याला लागू पडेल काय, हेही विचारावे.

प्राण्याचा अवयव घेणे धर्मास चालते काय, अशीही शंका पत्राच्या शेवटी आहे. पोप बारावे पायस यांनी मे १९५६ मध्ये नेत्रवैद्यांपुढे बोलताना, प्राण्याच्या ऊतीचे माणसावरील प्रत्येक रोपण निषिद्ध मानता येत नाही, असे सांगितले होते. तेव्हा ती चिंता नको.

झडप कोणतीही बसो, सांधेतापाची पेनिसिलिनची सुई शस्त्रक्रियेनंतरही बहुधा चालू ठेवावी लागते. डॉक्टरांस विचारल्यावाचून ती बंद करू नये.