आज्याचा धंदा काय?

जातीच्या दाखल्यासाठी आपली पोरं तहसिलात हेलपाटे घालतात. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे. आज्या-पणज्याचा जुना कागद सापडतो. पोरगं जात बघतं, झेरॉक्स काढतं. संपलं. धंद्याचा शब्द कुणी वाचतच नाही.

तो वाचा. वेसकर. तराळ. वतनदार महार. काय भारदस्त शब्द! वतनदार म्हटलं की वाड्यातला पाटील डोळ्यापुढं येतो. आपल्या आज्याचं वतन म्हणजे वेस राखायची, सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावाला पळायचं, साऱ्याची रक्कम खजिन्यात पोचवायची, मयताची खबर गावोगाव न्यायची, मेलेलं ढोर ओढायचं. शिवेचा तंटा झाला की साक्ष महाराची. हद्द त्याला पाठ, जमीन दुसऱ्याची. मोबदला? हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं.

याला धंदा म्हणायचं? धंदा माणूस निवडतो, सोडतो. हे काम जन्मानं गळ्यात पडलेलं. १८७४ च्या वतन कायद्यानं त्यावर सरकारी शिक्का मारला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात तो कायदा बदलायचं बिल मांडलं. वतनं खालसा करणारा कायदा झाला १९५८ साली. मधली तीस वर्षं आपल्या बापजाद्यांच्या पाठीवर गेली.

शहरात आलो म्हणजे सुटलो असंही नाही. गिरणीच्या कागदावर जात लिहिलेली नसेल, पण खातं बघा. आपली माणसं बहुतेक रिंग खात्यात. साचेखात्यात पगार जादा; पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच सवाल उभा केला. म्हणजे खात्याचं नाव हाच जातीचा रकाना!

म्हणून जुना शब्द सापडला की कोशातला अर्थ बघून गप बसू नका. तीन सवाल टाका. काम सांगायचं कोण? मोबदला द्यायचं कोण? नाही म्हटलं तर काय व्हायचं? आजीच्या नावापुढं काहीच नसेल तर तेही विचारा. कोरा रकाना म्हणजे ती बसून खात होती, असं नाही. उत्तरं कचेरीत मिळणार नाहीत, वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडं मिळतील. ती माणसं एकेक करून चाललीत. तेव्हा दाखल्याची झेरॉक्स काढाल, तिच्या पाठच्या कोऱ्या बाजूला हे लिहून ठेवा. पुढची बाजू सरकारला लागते. पाठची आपल्याला.