फोटो जयंतीचा, हक्क छायाचित्रकाराचा

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकातले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अकोल्यातले फोटो लगेच ग्रुपवर फिरू लागतात. अनेकदा छायाचित्रकाराचे नाव कापून तिथे एखाद्या नेत्याचे नाव टाकले जाते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोचा पहिला मालक सहसा तो काढणाराच असतो. पैसे देऊन काढून घेतला असेल, तर काढून घेणारा. ‘सौजन्य’ लिहिले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला.

पण मुद्दा केवळ शिक्षेचा नाही. चळवळीचा इतिहास टिपणारी ही आपल्याच वस्तीतली मुले आहेत. म्हणून डाउनलोड करण्याऐवजी मूळ पोस्ट शेअर करा. बॅनरसाठी फोटो हवा असेल तर विचारा आणि मोबदला द्या.