कारभारी गेला, कारभाराचे काय?

फुटबॉल संघाची सूत्रे सांभाळणारा माणूस पायउतार झाल्याची वार्ता आली, की गोमंतकात दोन पक्ष उभे राहण्यास एक दिवसही लागत नाही. मडगावच्या बाजारात, म्हापशाच्या शुक्रवारच्या गर्दीत, कदंब बसच्या रांगेत आणि भाजीपावाच्या टेबलावर तोच वाद रंगतो. एक पक्ष म्हणतो, बरे झाले, एकदाचा गेला. इतकी वर्षे दिली, हाती काय आले? दुसरा म्हणतो, रोप कुठे मूळ धरू लागले होते, तोच माळ्याला घालवले! दोन्ही पक्ष कळकळीने बोलतात आणि दोघांपाशी आपापले आकडेही असतात. परंतु या गदारोळात एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. गेलेल्या माणसाने जे उभे केले, ते संस्थेच्या हाती राहिले, की त्याच्याबरोबर दाराबाहेर पडले? आमच्या मते खरा प्रश्न हाच होय, आणि त्याचे उत्तर चाहत्यांनी गेलेल्याकडे नव्हे, तर राहिलेल्यांकडे मागावयास हवे.

संघ खेळविणे आणि संघ बांधणे ही दोन निराळी कामे आहेत, हे प्रथम ध्यानी घ्यावे. येत्या सामन्यात कोणते अकरा उतरवावयाचे हे ठरविणे, हे पहिले काम. तीन वर्षांनंतरच्या अकरांत कोण असेल, त्यासाठी आज कोणत्या वाड्यावरचा मुलगा हेरावयाचा, कोणाशी किती वर्षांचा करार करावयाचा, उतरत्या वयाच्या खेळाडूला केव्हा निरोप द्यावयाचा आणि तिजोरीचे तोंड कुठवर उघडावयाचे, हे दुसरे काम. युरोप-अमेरिकेत या दुसऱ्या कामासाठी महाव्यवस्थापक किंवा क्रीडासंचालक असा स्वतंत्र अधिकारी असतो. आपल्याकडे ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच प्रशिक्षकाच्या, नाहीतर एखाद्या झटणाऱ्या चिटणिसाच्या गळ्यात पडत आली. त्यामुळे चार सामने गमावले, की पहिल्या कामाबरोबर दुसरेही त्याच्या हातून जाते. छप्पर गळले म्हणून पाया बांधणाऱ्याला हाकलावे, तसाच हा प्रकार.

सबुरीने संघ कसा बांधावा, याचा धडा घेण्यास आपणांस परमुलखात जाण्याचे कारण नाही. आर्मांदो कुलासो यांनी धेंपो क्लबची धुरा सुमारे तेरा वर्षे वाहिली. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्या हाती एका रात्रीत पडले नव्हते. २००३-०४ च्या राष्ट्रीय लीगमध्ये धेंपो उपविजेता राहिला. पुढच्या हंगामात, डिसेंबर २००४ मध्ये, फेडरेशन चषकाच्या बंगळूर येथील अंतिम सामन्यात ख्रिस्तियानो ज्युनियर हा तरुण ब्राझिलियन खेळाडू गोल करताना कोसळला आणि मरण पावला. एखादा कच्चा संघ या आघाताने उन्मळून पडला असता. धेंपोने त्याच हंगामात राष्ट्रीय लीग जिंकली. पुढे २००६-०७ ची अखेरची राष्ट्रीय लीग आणि २००७-०८ ची पहिली आय-लीग, अशी लागोपाठ दोन अजिंक्यपदे आली. २००९-१० आणि २०११-१२ मध्ये आणखी दोन. २००८ साली हा संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत गेला. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे गोमंतकीय खेळाडू वर्षानुवर्षे एकमेकांशेजारी खेळले, त्याचे हे फळ होते. कोण कुठे धावेल हे डोळे मिटून ठाऊक असणे, ही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही. ती काळच देतो.

परंतु याच कथेचा उत्तरार्ध तितकाच बोलका आहे. २०१३ साली कुलासो धेंपोबाहेर पडले व कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेले. त्यानंतरच्या दुसऱ्याच हंगामात, २०१४-१५ मध्ये, पाच वेळचा हा राष्ट्रीय विजेता आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला. या घसरगुंडीचे खापर एका माणसाच्या जाण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. खेळाडूंची ती पिढी वयाने उतरली होती. २०१४ पासून इंडियन सुपर लीग सुरू झाल्याने पैसा, प्रेक्षक आणि प्रसिद्धी यांचा ओघही वळला होता. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी महासंघाच्या धोरणाच्या निषेधार्थ आय-लीग सोडली. धेंपोला पुन्हा त्या लीगमध्ये खेळताना पाहण्यास २०२४ साल उजाडावे लागले. हे सारे मान्य करूनही एक शंका उरतेच. तेरा वर्षे ज्या हातांनी घडी बसविली, ते हात बाजूला झाल्यावर ती पुन्हा बसविणारे दुसरे हात संस्थेने वेळीच तयार केले होते काय?

एफसी गोवाच्या इतिहासात याच प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे सापडतात. २०१७ मध्ये आलेल्या सर्जिओ लोबेरा यांनी या संघाला देखणा खेळ शिकविला आणि २०१९ चा सुपर कप मिळवून दिला. तरीही २०२० च्या जानेवारीअखेर, संघ गुणतक्त्याच्या अग्रभागी असताना, त्यांना जावे लागले. चाहते हतबुद्ध झाले. पण क्लिफर्ड मिरांडा आणि डेरिक परेरा ही घरचीच माणसे तिथे उभी होती. त्यांनी धुरा उचलली आणि तीन आठवड्यांच्या आत गोव्याने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल पटकावली. त्या जोरावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळण्याचा मान गोव्याला मिळाला. तो मिळविणारा हा पहिलाच भारतीय क्लब! कारभारी गेला, पण कारभार मागे राहिला, तो असा.

पुढे मात्र वेगळे घडले. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. ह्यूगो बूमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल हे परदेशी खेळाडू आणि आपला मंदार राव देसाई हेही त्याच संघात दाखल झाले. त्या मुंबईने २०२०-२१ मध्ये ढाल आणि चषक दोन्ही जिंकले. उपांत्य फेरीत तिने पेनल्टीवर हरविले ते गोव्यालाच! फातोर्ड्याच्या प्रेक्षागृहात वाढलेले झाड मुंबईच्या अंगणात फळाला आले. नवे प्रशिक्षक ह्वान फेरांडो यांनी पडझड सावरली आणि २०२१ चा ड्युरँड चषकही आणला. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये, भर हंगामात, तेही कोलकात्याच्या क्लबाकडे निघून गेले. याही वेळी घरच्याच डेरिक परेरांनी सूत्रे घेतली. पण संघ नवव्या स्थानावर राहिला, आणि त्यापुढील हंगामात सातव्या. दोन वर्षांत दोनदा मुळे उपटलेल्या रोपाला तिसऱ्यांदा पाणी घालून लगेच पालवी कशी फुटावी? मानोलो मार्केझ यांच्या हाताखाली २०२३-२४ मध्ये तिसरे स्थान, २०२४-२५ मध्ये दुसरे स्थान आणि मे २०२५ मध्ये सुपर कप, अशी चढण संघाने पुन्हा चढली. मोडणे एका दिवसाचे होते. जोडण्यास तीन हंगाम लागले.

हा अनुभव केवळ गोव्याचा नव्हे. आपल्याकडील घराघरांतून रात्री जागून जे इंग्लिश फुटबॉल पाहिले जाते, त्यातील मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण घ्या. अॅलेक्स फर्ग्युसन १९८६ साली तिथे आले. १९८९ मध्ये त्यांनी जावे असे फलक त्यांच्याच मैदानावर झळकले. संचालकांनी धीर धरला. १९९० साली पहिला चषक आला आणि लीगचे पहिले अजिंक्यपद १९९२-९३ मध्ये, म्हणजे आगमनानंतर जवळजवळ साडेसहा वर्षांनी. मात्र २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले, तेव्हाच क्लबचा व्यवहार पाहणारे मुख्य कार्याधिकारी डेव्हिड गिल हेही पदावरून उतरले. संघ घडविणारा आणि व्यवहार सांभाळणारा असे दोघेही एकाच उन्हाळ्यात गेले. त्यानंतर त्या क्लबने पैसा पाण्यासारखा ओतला. पण २०२५ सालापर्यंतच्या बारा हंगामांत लीगचे अजिंक्यपद त्याला पुन्हा लाभले नाही. अपार धन असलेल्या संस्थेची ही गत, तर चिमुकल्या गोव्यातील क्लबांनी किती जपावे!

म्हणून काय चाहत्यांनी तोंड मिटून बसावे? मुळीच नव्हे. 'संघ बांधणी चालू आहे' ही ढाल पुढे करून वर्षानुवर्षे काहीच न बांधणारेही असतात. माडाचे रोप लावणाऱ्याने पाच-सात वर्षे थांबावे, हे खरे. पण रोपच लावले नसेल तर थांबून काय होणार? संथपणा आणि स्वस्थपणा यांतील भेद ओळखण्यास चाहत्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. क्लबच्या कुमार संघांतून दरवर्षी किती मुले मुख्य संघापर्यंत पोचतात, आणि पोचल्यावर त्यांना खेळावयास मिळते की बाकावर बसावे लागते? सहा-सात प्रमुख खेळाडू निदान तीन हंगाम एकत्र राहतात, की दर जूनमध्ये नवी वऱ्हाडे येतात आणि जुनी जातात? आणि कारभारी उद्या गेला, तर त्याचे काम उचलण्याइतका जाणता माणूस घरात आहे काय? या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर गुणतक्त्यातील सातव्या जागेबद्दल सबुरी धरावी. नकारार्थी असतील, तर पहिल्या जागेवरही विश्वास ठेवू नये.

क्लबचालकांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. जुन्या काळी काही भाटकार नारळाचा पाडा कमी पडला, की मुकादम बदलत. नवा मुकादम येई, तो जुन्याची कामे मोडी आणि आपली नवी आरंभी. माड मात्र बिचारे शिंपण्याविना सुकत. आमच्या क्लबांतील काही धन्यांचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. पराभवाचा राग लोकांच्या मनातून उतरविण्याचा सोपा उपाय म्हणून ते एका माणसाचा बळी देतात, आणि चाहतेही त्या बळीने तृप्त होतात. पण त्या माणसाला कोणते काम दिले होते, किती साधने दिली होती, किती मुदत कबूल केली होती, याचा हिशेब धनी कधी देतात काय? आमची सूचना अशी, की प्रत्येक क्लबाने हंगामाच्या अखेरीस आपल्या चाहत्यांपुढे जमाखर्चाइतकेच स्पष्ट असे संघ बांधणीचे निवेदन ठेवावे. कुमार संघांची स्थिती, करारांच्या मुदती आणि पुढील तीन वर्षांचा संकल्प त्यात असावा. मग कारभारी गेला तरी संकल्प कागदावर उरेल, आणि येणाऱ्याला तो मोडावयाचा असेल तर कारण सांगून मोडावा लागेल.

राष्ट्रीय महासंघही या दोषातून मुक्त नाही. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या चालकांनी नवा हंगाम स्थगित ठेवत असल्याचे क्लबांना कळविले, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार डिसेंबरात संपत होता. पुढच्या वर्षी मैदानावर उतरावयाचे की नाही, हेच ज्या क्लबाला ठाऊक नाही, त्याने पाच वर्षांचा विचार कोणत्या बळावर करावा? ज्यांच्या हाती देशाचे फुटबॉल आहे, त्यांनी आधी स्वतःचे वेळापत्रक बांधावे. संघ त्यानंतर बांधले जातील.

गोव्यात फुटबॉल हा केवळ साष्टीचा वा मुरगावचा खेळ नाही, आणि एका समाजाचाही नाही. साळगावकरच्या गोलात उभे राहून भारताचे नेतृत्व करण्यापर्यंत पोचलेले ब्रह्मानंद शंखवाळकर यांना १९९७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री लाभली, तेव्हा अवघ्या गोमंतकाची मान उंचावली. १९८३ साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८४ साली एकट्याने संतोष करंडक आणणारा गोव्याचा संघ कोणी बाजारातून विकत घेतला नव्हता. गावोगावच्या भातकापणीनंतरच्या मळ्यांत आणि देवळा-चर्चच्या पटांगणांत तो वाढला होता. आज ते मळे कमी होत चालले आहेत. नवा कारभारी स्पेनहून आणावा की पेडण्याहून, यावर आपण वाटेल तितका वाद घालावा. परंतु मुलांना खेळावयास जागा आणि शिकवावयास गुरू उरला नाही, तर त्या कारभाऱ्याने कारभार तरी कशाचा करावयाचा? पुढच्या वेळी कोणी सूत्रे खाली ठेवील, तेव्हा चाहत्यांनी गेलेल्याच्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी क्लबच्या दारात जाऊन एवढेच विचारावे: त्याने लावलेली रोपे कुठे आहेत, आणि उद्यापासून त्यांना पाणी कोण घालणार?