दात येतायत!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत संध्याकाळच्या बाकावर सध्या एकच विषय. तिसऱ्या मजल्यावरची सून आठ महिन्यांच्या बाळाला दात येतायत म्हणून चक्क गोठवलेलं दूध चघळायला देते. "अगंबाई, एवढ्याशा जिवाला थंड?" सगळ्या आज्या एका सुरात. मी मात्र सुनेच्या बाजूने आहे.

ती देते काय, तर स्वतःचंच दूध. स्वच्छ साच्यात गोठवायचं आणि छोटासा तुकडा जाळीच्या चोखणीत घालून द्यायचा, स्वतः शेजारी बसून. बाळ हिरड्यांनी दाबतं, दूध थेंबथेंब वितळतं, ठणका जरा कमी होतो. सर्दी होते ती विषाणूंमुळे, गारव्यामुळे नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. अशा पेढीत आयांनी दिलेलं दूध पाश्चराइझ करून गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना (अर्थात वितळवून) पाजतात. इतक्या नाजूक जिवांना जे चालतं, ते आपल्या गुटगुटीत नातवाला का बाधावं?

भ्यायचंच तर मधाच्या बोटाला भ्या. टाकणखार मधात खलून हिरड्यांवर चोळायची आपली जुनी रीत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, ते पोटात जायची वस्तूच नव्हे. मधात बोट्युलिझमचे जिवाणू सुप्तावस्थेत असू शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. हिरड्या बधिर करणारी जेलही नकोत. त्यातल्या बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटू शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालच्या मुलांना ती लावू नका असं बजावलं. खारकेचा, कच्च्या गाजराचा तुकडा घशात अडकतो. चावायची रिंग फ्रीझरमध्ये दगड होते, तिला खालचा कप्पा पुरे. धुतलेला ओला रुमाल गार करून दिला तरी बाळ खूश! बाहेरचा बर्फ मात्र मुळीच नको. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायची सक्ती आपल्या राज्यात २०१८ साली करावी लागली, यावरून काय ते समजा.

आणि माझं खरं भांडण आहे ते "दात येतायत" या दोन शब्दांशी. ताप, जुलाब, उलट्या.. सगळं आपण त्यात खपवतो. दातांमुळे लाळ गळते, किरकिर होते, अंग किंचित कोमट लागतं, बस्स. याच वयात बाळ रांगायला लागतं, जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं, वरचं अन्न सुरू झालेलं असतं. जुलाब येतात ते तिथून, आणि आळ बिचाऱ्या दातांवर! १००.४ किंवा त्याहून जास्त ताप किंवा वारंवार पाण्यासारखी शी झाली तर दातांचं नाव काढू नका. जुलाबात अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं तर रात्र असली तरी निघा.