दगडाला दोष देणे सोपे असते : रोमच्या फरसबंदीचा वाद

रोमच्या जुन्या वस्तीतील काळे दगडी रस्ते आधुनिक वाहतुकीत टिकणारच नाहीत, हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की त्याला पुरावा मागण्याचेही कुणाला सुचत नाही. २००५ मध्ये महापौर वॉल्टर वेल्त्रोनी यांनी वर्दळीच्या रस्त्यांवरून हे दगड काढण्याची घोषणा केली. २०१८ मध्ये व्हर्जिनिया राज्जी यांच्या प्रशासनाने तशीच योजना पुन्हा मांडली. दगड पावसात निसरडे होतात, उखडतात, दुचाकीस्वार पडतात. तक्रार खरी; निदान खोटे.

हे दगड सीझरच्या काळातले नव्हेत. प्राचीन आप्पियन मार्ग मोठमोठ्या बहुकोनी शिळांचा आहे. ‘साम्पिएत्रीनी’ नावाचे हे लहान ठोकळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, पोपच्या राजवटीतले. सेंट पीटरच्या नावावरूनच त्यांना हे नाव पडले.

ठोकळा वरून चौकोनी आणि खाली निमुळता, म्हणजे एक पाचरच. तो वाळूच्या थरात हातोडीने ठोकून बसवायचा, सांधेही वाळूनेच भरायचे. चाक गेले की तो किंचित दबतो आणि भार शेजारच्या दगडांवर वाटला जातो. पाणी सांध्यांतून जमिनीत मुरते. एखादा दगड निघाला तर तोच पुन्हा बसवता येतो; उखडलेल्या डांबराबाबत ही सोय नाही. घाईच्या डागडुजीत मात्र सांध्यांत सिमेंट किंवा डांबर ओतले जाते. लवचीक रस्ता ताठर बनतो, जड बसखाली सांधे तडकतात, पाणी शिरून खालची वाळू वाहून जाते आणि दगड खिळखिळा होतो. आरोपी मग कोण? दगड!

ज्यांना प्राचीन रोमचा दाखला हवा, त्यांनी हेराक्लिया येथे सापडलेला कांस्यपट पाहावा. त्यावरील कायदा सहसा सीझरशी आणि इ. स. पू. ४५ या वर्षाशी जोडला जातो. देवळांच्या बांधकामासारखे मोजके अपवाद वगळता सूर्योदयापासून दिवसाच्या दहाव्या तासापर्यंत शहरात गाड्यांना बंदी, आणि घरासमोरचा रस्ता दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर. रस्ता राखायचा तर चाकांना आवर घालावा लागतो, हे तेव्हाच्या कायदेकर्त्यांना कळत होते. आजचे प्रशासन पर्यटकांच्या अवजड बसगाड्यांपुढे हात टेकते आणि कुशल फरसबंदी कारागिराच्या मजुरीत काटकसर शोधते.

२०१८ च्या योजनेतील एक तरतूद तर पुरेशी बोलकी आहे : व्हिया नाझिओनाले या रस्त्यावरून काढलेले ‘निकामी’ दगड पादचाऱ्यांच्या रस्त्यांवर पुन्हा बसवायचे होते.