नेट बंद झाले तर निरोप कोण नेणार?

खैरलांजीचे हत्याकांड झाले २९ सप्टेंबर २००६ रोजी, आणि महाराष्ट्रातील आंबेडकरी जनता रस्त्यावर उतरली ती नोव्हेंबरात. मधला महिना बातमी दडपण्यात गेला. आज तसे दडपणे कोणत्याही मनुवादी वृत्तपत्राला जमणार नाही. जून २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातील बेडग (ता. मिरज) येथे बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान पाडण्यात आली, तेव्हा ती बातमी मोबाईलवर फिरायला वेळ लागला नाही. निषेधाचे संदेश ढिगाने पडले.

पण शासनाला हलवले कुणी? जुलैत बेडगच्या कुटुंबांनी संसार बांधला, गाव सोडले आणि लेकराबाळांसह मुंबईची वाट धरली. मंत्रालयाने दखल घेतली ती या पायांची, आमच्या फॉरवर्डची नव्हे!

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री, शेजारच्या सातारा जिल्ह्यात पुसेसावळी (ता. खटाव) येथे समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त करून मुस्लिमांवर हल्ला झाला. एकाचा जीव गेला आणि प्रशासनाने जिल्ह्यातील इंटरनेट बंद केले. अफवा थांबवण्यासाठी, असे सांगितले जाते. असेलही. पण त्याच बटणाने पीडितांचे तोंडही बंद होते, त्याचे काय? उद्या आपल्या वस्तीवर असा प्रसंग आला, तर ज्यांची सारी संघटना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात आहे ते कार्यकर्ते काय करणार? याच साताऱ्या-सांगलीच्या मुलखात प्रतिसरकारचे निरोप माणसे नेत होती.

कायदा आपल्या हातात आहे, तो वापरला पाहिजे. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी स्पष्ट केले, की नेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे आणि त्याला आव्हान देता येते. २०२४ च्या नियमांप्रमाणे एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. तेव्हा नेट गेले की जिल्हाधिकारी कचेरीत लेखी अर्ज देऊन आदेशाची प्रत मागा, पोच घ्या.

आणखी एक. अत्याचाराचे चित्रण शंभर ग्रुपांवर टाकले म्हणजे पुरावा झाला, असे आमचे तरुण समजतात. आरोपीचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. ज्या मोबाईलमध्ये चित्रण झाले तो जपून ठेवा, त्यातले काही पुसू नका. न्यायालयात प्रत दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आणि प्रत्येक विहारात एक वही हवी. तालुक्यातील वस्त्यांची नावे, दोन-दोन माणसांचे साधे फोन नंबर, आणि फोनही लागला नाही तर मोटारसायकल काढून कोणी कोणत्या गावाला जायचे, ते त्यात लिहिलेले असावे.